‘अंतस्थ’, ‘दरबारखर्च’ आणि ‘कर्ज’ : सातारा-सांगली प्रदेशातील दफ्तरी गैरव्यवहाराच्या मनोभूमिकेचा एक अभ्यास

कचेरीत बसून, हातात लेखणी घेऊन, सभ्य माणसाने केलेली अफरातफर हा इतिहासाच्या अभ्यासकाला काहीसा अवघड वाटणारा विषय आहे. दरोड्याची साक्ष उघडी असते. अफरातफरीची साक्ष ज्या कागदांवरून मिळावयाची ते कागदच ती करणाऱ्याने लिहिलेले असतात. शिवाय अशा प्रकरणाचा निकाल आपण बहुधा एका शब्दात लावून मोकळे होतो. तो शब्द म्हणजे ‘लोभ’. परंतु लोभ सर्व काळी व सर्व माणसांत थोडाबहुत असतोच. तेव्हा एखाद्या काळी, एखाद्या कचेरीत, एरवी अब्रूने वागणारी अनेक माणसे एकाच प्रकारे का घसरतात, ह्या प्रश्नाचे उत्तर केवळ लोभात मिळत नाही. प्रस्तुत लेखात ह्या प्रश्नाचा विचार सातारा व सांगली ह्या प्रदेशाशी निगडित असलेल्या दोन प्रकरणांच्या आधारे करावयाचा आहे. पहिले पेशवाईच्या अखेरच्या काळातील मामलतदारीचे. दुसरे १८८८ सालच्या क्रॉफर्ड प्रकरणाचे.

प्रदेशाची मर्यादा प्रथम स्पष्ट केली पाहिजे. आजचा सांगली जिल्हा हा अर्वाचीन आहे. जुन्या सातारा जिल्ह्यातील वाळवे, तासगाव, खानापूर इत्यादी तालुके व सांगली, मिरज, जत ह्या संस्थानांचा मुलूख मिळून १९४९ साली ‘दक्षिण सातारा’ जिल्हा झाला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे एकोणिसाव्या शतकात ‘सातारा जिल्हा’ असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा त्यात कृष्णा-वारणेच्या खोऱ्यातील हा बराचसा मुलूखही अंतर्भूत असतो, हे ध्यानात ठेवावयास हवे.

माणसाच्या प्रामाणिकपणावर राज्य चालत नाही, ही जाणीव आपल्याकडे जुनी आहे. कौटिल्याने अर्थशास्त्रात अधिकाऱ्यांनी द्रव्य हरण करण्याचे चाळीस मार्ग मोजून ठेवले आहेत. मराठी राज्यव्यवस्थेने ह्या जाणिवेला दरकदारीचे रूप दिले. मामलतदाराबरोबर दिवाण, मजमुदार, फडणीस, चिटणीस, पोतनीस इत्यादी दरकदार नेमलेले असत. त्यांची नेमणूक मामलतदाराच्या हाती नसे आणि त्यांना दूर करण्याचा अधिकारही त्यास नसे. एकाने हुकूम लिहावा, दुसऱ्याने तो पसंत करावा, तिसऱ्याने त्यावर तारीख घालून नोंद करावी, असा क्रम होता. वर्षारंभी अजमास, वर्षाअखेर ताळेबंद. माणसाने माणसावर नजर ठेवावी, आणि नजर ठेवणाऱ्याचे पोट पाहिल्या जाणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून नसावे, हे त्याचे तत्त्व. ह्या पद्धतीचा सर्वांत कुशल जाणकार नाना फडणीस. त्याचा जन्म १७४२ साली साताऱ्यास झाला. वाईजवळील मेणवली येथील त्याच्या वाड्यातून निघालेले दफ्तर अभ्यासकांना परिचित आहेच. त्याच्याच काळातील न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे हे साताऱ्याजवळील माहुलीचे. एक हिशेबाची दृष्टी, दुसरी न्यायाची. दोन्ही ह्याच मातीतील.

असे असता ही व्यवस्था ढासळली कशी? माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन ह्याने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी १८१९ साली जो अहवाल सादर केला, त्यात ह्याचा उलगडा मिळतो. एल्फिन्स्टन हा विजेत्यांचा अधिकारी. पदच्युत राज्याचे दोष दाखविण्यात त्याचे हित होते, हे विसरून चालणार नाही. तथापि मामलतदारांच्या प्राप्तीचे त्याने दिलेले वर्णन इतके तपशीलवार आहे की त्याची उपेक्षा करता येत नाही. जमेच्या रकमा दडविणे, विशेषतः दंड व फी ह्यांसारख्या अनिश्चित बाबी. सूट दिल्याचे खोटे दाखले. शिबंदीची खोटी हजिरी. नेमणुका न देता खर्ची लिहिणे. हे मार्ग त्याने नोंदले आहेत. परंतु सर्वांत मोठी प्राप्ती ‘सादरवारीद पट्टी’तून होई. सरकारने मंजूर न केलेला परगण्याचा किरकोळ खर्च भागविण्यासाठी ही पट्टी रयतेवर बसविली जाई, आणि त्या खर्चात एक बाब ‘दरबारखर्च’ अथवा ‘अंतस्थ’ ही असे.

ह्या ‘अंतस्था’ची कथा मानसशास्त्राच्या दृष्टीने फार बोधप्रद आहे. मुळात ही हुजुरातील मंत्र्यांना व हिशेबतपासनिसांना गुप्तपणे द्यावयाची लाच होती. हळूहळू तिची रक्कम ठरून गेली. ठरल्यावर ती हिशेबात लिहिली जाऊ लागली. आणि हिशेबात आल्यावर इतर बाबींप्रमाणे तिचीही तपासणी होऊ लागली! म्हणजे जी गोष्ट अंधारात करावयाची ती कीर्दीत आली व तिला ‘खर्च’ हे निरुपद्रवी नाव मिळाले. पण गंमत अशी की, लाच उघड झाली म्हणजे ती लाच राहत नाही. ती केवळ हक्क बनते. तपासनिसाला खूष ठेवण्याची गरज तर कायमच राहते. म्हणून जुन्या अंतस्थाच्या वर नवे अंतस्थ बसले व त्यासाठी रयतेकडून आणखी वसुली झाली. ह्या नाजूक बाबीची बारीक चौकशी तपासनीस करीत नसत; साहजिकच मामलतदार वरच्यांसाठी म्हणून जे गोळा करी त्याहून पुष्कळ अधिक स्वतःसाठी ठेवी.

येथे एका मामलतदाराच्या मनात शिरून पाहावे. तो अधिकारावर येतो तेव्हाच कर्जदार असतो, कारण वसुलाच्या आधी ‘रसद’ म्हणून काही रक्कम सरकारात आगाऊ भरावयाची असते आणि ती बहुधा सावकाराकडून आणलेली असते. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती अधिक बोली करणाऱ्यास मक्त्याने मिळू लागल्या. म्हणजे आपली जागा पुढील वर्षी राहील ही खात्रीही गेली. आजूबाजूचे सर्व अधिकारी तेच करीत आहेत. जे करावयाचे त्याला रूढ नाव आहे, ठरलेला दर आहे, हिशेबात त्याचे सदर आहे. अशा माणसास आपण चोरी करीत आहोत असे क्षणभर तरी वाटत असेल काय? दरकदार नाहीसे झाले नव्हते. ते जागेवर होते, सह्याही करीत होते. परंतु पाहणारा आणि पाहिला जाणारा एकाच पट्टीचे भागीदार झाल्यावर चार सह्यांना एका सहीहून अधिक किंमत उरत नाही.

ह्या निरीक्षणास आधुनिक संशोधनाचा चांगला आधार मिळतो. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ एडविन सदरलंड ह्याने १९३९ साली प्रतिष्ठितांच्या व्यावसायिक गुन्ह्यांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. त्याचा शिष्य डोनाल्ड क्रेसी ह्याने विश्वासघाताबद्दल तुरुंगात असलेल्या अनेक कैद्यांच्या मुलाखती घेऊन १९५३ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या मते तीन गोष्टी एकत्र आल्याशिवाय सहसा विश्वासाच्या जागेवरील माणूस अपहार करीत नाही : कोणालाही सांगता न येणारी पैशाची अडचण, ती गुपचूप भागविण्याची संधी, आणि ‘मी चोर नाही’ असे स्वतःस सांगण्याजोगी शब्दयोजना. ही तिसरी गोष्ट क्रेसीच्या सिद्धान्ताचा गाभा होय. समर्थन हे कृत्यानंतर सुचत नाही. ते आधी सिद्ध असते, म्हणूनच कृत्य घडते. त्या कैद्यांपैकी पुष्कळांचा आवडता शब्द होता ‘उसने’. पैसे घेतले नव्हते. उसने घेतले होते, परत करावयाचे होते. क्रेसीचे कैदी एकएकटे होते, आमचे मामलतदार समूहाने वागत होते, हा भेद खरा. पण त्यामुळे सिद्धान्त दुबळा न होता उलट दृढ होतो. एकट्या माणसास समर्थनाचे शब्द स्वतः शोधावे लागतात. समूहातील माणसास ते कचेरीत तयार मिळतात.

आता सत्तर वर्षे पुढे येऊ. आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्ड हा मुंबईचा पहिला म्युनिसिपल कमिशनर. त्या शहरातील मंडईस त्याचेच नाव होते. १८८८ साली तो मध्य भागाचा कमिशनर असून पुण्यास राहत असे. सातारा जिल्हा ह्याच भागात मोडत होता. मामलतदारांच्या नेमणुका, बढत्या व बदल्या कमिशनरच्या हाती होत्या. मामलतदार म्हणजे तालुक्याचा मुलकी अधिकारी व फौजदारी न्यायाधीशही. प्रतिष्ठेची जागा, परंतु एका सहीने उचलून दूर फेकता येण्याजोगी. हनमंतराव नावाच्या मध्यस्थामार्फत बढतीसाठी अथवा गैरसोयीची बदली टाळण्यासाठी मामलतदारांकडून पैसे घेतले जातात, असा बोभाटा झाला. लॉर्ड रे ह्यांच्या सरकारने चौकशी आरंभिली. साक्ष देणारे मामलतदार हे कबुलीबरोबर स्वतःचाही गुन्हा कबूल करणार, म्हणून खरे बोलतील त्यांना सरकारने अभय दिले. हनमंतरावावर खटला होऊन तो दोषी ठरला. क्रॉफर्डने वेषांतर करून पुण्याहून पलायन केले, पण मुंबईस तो पकडला गेला.

त्याच वर्षी कलकत्ता हायकोर्टाचे न्यायमूर्ती विल्सन ह्यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी कमिशन पुण्यास बसले. निकाल विलक्षण लागला. लाच घेतल्याचे आरोप कमिशनने सिद्ध मानले नाहीत. पैसे देणाऱ्यांची साक्ष ही गुन्ह्यातील साथीदारांची साक्ष, तिच्यावर पुरेसा विश्वास टाकता येत नाही, असा एकंदर रोख होता. मात्र आपल्या हाताखालील प्रदेशातील लोकांकडून क्रॉफर्डने कर्जे घेतली होती, हे शाबीत झाले. मुंबई सरकारला हा निकाल पटला नाही. अखेरीस भारतमंत्री लॉर्ड क्रॉस ह्यांनी लाचेच्या आरोपातील निर्दोषत्व मान्य करून कर्जांच्या कारणावरून क्रॉफर्डला नोकरीतून दूर केले.

‘कर्ज’ हा शब्द येथे किती काम करतो हे पाहावे. अधिकारी आपल्या अधिकारातील माणसाकडून पैसे घेतो. घेणारा त्यास कर्ज म्हणतो. देणाऱ्याला तो शब्द नाकारता येत नाही, आणि परत मागण्याचे धैर्यही त्यास होत नाही. क्रेसीच्या कैद्यांचे ‘उसने’, पेशवाईतील ‘दरबारखर्च’ आणि १८८८ चे ‘कर्ज’ ही एकाच कुळातील भावंडे होत.

परंतु ह्या प्रकरणाचा खरा करुण भाग मामलतदारांचा आहे. ज्याने घेतले असे ते म्हणत होते तो लाचेच्या आरोपातून सुटला. ज्यांनी दिले ते मात्र आपल्याच तोंडाने दोषी ठरलेले होते. लाच देऊन जागा मिळविलेली माणसे न्यायासनावर कशी बसू शकतात, असा प्रश्न इंग्लंडात पार्लमेंटपर्यंत गेला. प्रश्न गैर नव्हता. पण सरकारचे वचनही खोटे नव्हते. १८८९ साली साक्षीदारांच्या संरक्षणासाठी हिंदुस्थान सरकारला स्वतंत्र कायदा करावा लागला. तथापि त्याने नोकरीचे संरक्षण सर्वांना मिळाले नाही. जुलमाने पैसे द्यावे लागलेले आणि बढतीच्या आशेने आपण होऊन दिलेले, असे दोन वर्ग करून दुसऱ्या वर्गातील लोकांना दूर करण्यात आले. लोकमान्य टिळकांनी मामलतदारांची बाजू उचलून धरली व त्यासाठी पुण्यात सभा भरविली. लाच देणे योग्य होते असा त्यांचा पक्ष नव्हता. सरकारने शब्द देऊन खरे बोलवून घेतले, तो शब्द सरकारने पाळावा, हा होता.

ही वर्गवारी तात्त्विक दृष्ट्या निर्दोष दिसते. व्यवहारात जुलूम व आशा ह्यांच्यामध्ये रेघ कोठे ओढावयाची? मुलाबाळांसह दूरच्या तालुक्यात बदली होईल ह्या भीतीने ज्याने पैसे दिले, त्याला सोयीचा तालुका मिळाला तर ती आशा की भय? बहुतेक माणसांच्या मनात ही दोन्ही एकत्र नांदतात. एका गोष्टीचा विचार तर त्या वेळी फारच थोड्यांनी केला : मामलतदाराने दिलेले पैसे त्याने शेवटी कोठून भरून काढले असतील? सादरवारीद पट्टी गेली होती. तिच्यावाचून मार्ग उरला नव्हता असे नाही. कमिशनपुढे साहेब आले, मामलतदार आले. हा भार अखेर जिच्यावर पडतो ती रयत तेथे वादी म्हणून उभी नव्हती.

हा प्रश्न केवळ जुन्या दफ्तरांचा नाही. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात लाच देणाऱ्याच्या जबाबास संरक्षण होते. २०१८ च्या दुरुस्तीने ते कलम काढून लाच देणे हाही गुन्हा ठरविला. मात्र ज्यास सक्तीने द्यावी लागली त्याने सात दिवसांच्या आत तक्रार केल्यास तो दोषी नाही, अशी सवलत ठेविली. म्हणजे १८८९ सालची तीच रेघ आजही ओढली जात आहे, आणि ती ओळखावयाची खूण म्हणून आता सात दिवसांची मुदत आली आहे. भ्यालेला माणूस सात दिवसांत धीट होतो काय, ह्याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात मिळणारे नव्हे.

ह्या विवेचनातून दोन निष्कर्ष काढता येतील. पहिला असा की, कचेरीतील गैरव्यवहाराचा आरंभ तिजोरीत होत नाही, भाषेत होतो. ज्या दिवशी लाचेला खर्चाचे अथवा कर्जाचे नाव मिळते, त्या दिवशी अर्धे काम झालेले असते. म्हणून हिशेबतपासनिसाने रकमांइतकेच सदरांच्या नावांकडे लक्ष द्यावे. दुसरा असा की, नजर ठेवणाऱ्यांची संख्या वाढवून सचोटी वाढत नाही. नजर ठेवणारा स्वतंत्र असावा लागतो, आणि खरे बोलणाऱ्यास दिलेला शब्द पाळला जाईल असा विश्वास असावा लागतो. मराठी राज्यात पहिली गोष्ट नष्ट झाली, इंग्रजी राज्यात दुसरीला धक्का बसला. लोभी माणसे दोन्ही राज्यांत होती. परंतु भित्र्या, संसारी, एरवी सरळ अशा माणसांना त्यांच्या पंक्तीस बसविण्याचे काम व्यवस्थेने केले. इतिहासाने दोष देताना ह्या दोहोंत भेद केला पाहिजे. तो भेद करताना दुसऱ्यांची सुटका मात्र होता कामा नये. कारण त्यांच्या मौनाची किंमत अखेरीस तिसऱ्याच कोणी तरी भरलेली असते.