दुधाचा कार्बन फुटप्रिंट: दूध आणि मांस यांच्यात वाटणी कशी होते?

‘एक लिटर दुधामागे इतका कार्बन’ असा आकडा तुम्ही एखाद्या ॲपवर किंवा रीलमध्ये पाहिला असेल. हा आकडा कोणी गायीला मीटर लावून मोजत नाही, तो हिशोबातून निघतो. आणि त्या हिशोबात एक मोठा प्रश्न असतो: गायीमुळे होणारं प्रदूषण दुधाच्या खात्यात किती टाकायचं आणि मांसाच्या खात्यात किती?

वाटणी का करावी लागते?

गाय रवंथ करते तेव्हा मिथेन वायू बाहेर पडतो. शेणातून, चाऱ्याच्या शेतीतून आणि खतांमधूनही हरितगृह वायू निघतात. युरोप-अमेरिकेत दुभत्या गोठ्यातून दूध तर विकलं जातंच, शिवाय गोऱ्हे आणि भाकड गायी मांसासाठी जातात. म्हणजे गोठा एक, खर्च एक, पण उत्पादनं दोन. वस्तूचा जन्मापासून शेवटापर्यंतचा पर्यावरणीय हिशोब मांडण्याच्या पद्धतीला लाइफ सायकल असेसमेंट (एलसीए) म्हणतात. त्यात या वाटणीला ‘ॲलोकेशन’ असं नाव आहे.

एकच गोठा, चार उत्तरं

समजा, एका गोठ्यातून वर्षाला १,००,००० किलो दूध आणि २,००० किलो वजनाची जनावरं विकली जातात. एकूण उत्सर्जन १,२०,००० किलो कार्बन डायऑक्साइड इतकं आहे. (आकडे फक्त उदाहरणासाठी.) आता एक किलो दुधाच्या वाट्याला किती येईल?

१. वजनानुसार: एकूण मालात दूध ९८ टक्के. उत्तर १.१८ किलो.

२. पैशांनुसार: दुधातून ९२ टक्के कमाई होत असेल, तर उत्तर १.१० किलो. पण बाजारभाव बदलला की आकडाही बदलतो, गोठ्यात काहीही न बदलता!

३. चाऱ्यातल्या ऊर्जेनुसार: दूध तयार करायला आणि अंगावर मांस चढायला किती ऊर्जा लागली, हे बघायचं. इंटरनॅशनल डेअरी फेडरेशनच्या २०१५ च्या मार्गदर्शिकेत यासाठी सोपं सूत्र आहे: विकलेल्या जनावरांचं वजन भागिले दुधाचं वजन, गुणिले ६.०४. जे येईल तो मांसाचा वाटा. आपल्या उदाहरणात ०.०२ × ६.०४, म्हणजे मांसाला सुमारे १२ टक्के आणि दुधाला ८८ टक्के. उत्तर १.०६ किलो.

४. वाटणी टाळून: या गोठ्याने मांस दिलं नसतं, तर तेवढं मांस फक्त मांसासाठी पाळलेल्या जनावरांकडून आलं असतं. तिथे किलोमागे १५ किलो उत्सर्जन धरलं, तर ३०,००० किलो वाचले. ते वजा केल्यावर उत्तर ०.९० किलो.

गायी त्याच, चारा तोच. तरी आकडा ०.९० पासून १.१८ पर्यंत फिरला.

मग बरोबर कोणतं?

आयएसओ १४०४४ हे २००६ चं आंतरराष्ट्रीय मानक एक क्रम सांगतं. शक्य असेल तर वाटणी टाळा. नाहीतर ऊर्जेसारख्या भौतिक संबंधावरून करा. तेही जमत नसेल, तर किमतीसारखा दुसरा आधार घ्या.

जागतिक आकड्यांतही हा फरक दिसतो. अन्न व कृषी संघटनेच्या (एफएओ) २०१० च्या अहवालात, दुभत्या जनावरांपासून मिळणारं मांस धरून डेअरी क्षेत्राचा जगाच्या मानवनिर्मित उत्सर्जनातला वाटा सुमारे ४ टक्के दिला होता. फक्त दुधाचा वाटा मात्र २.७ टक्के. दोन्ही आकडे एकाच अहवालातले आहेत.

जास्त दूध देणारी गाय म्हणजे कमी प्रदूषण?

अर्धंच खरं. गायीचं दूध दुप्पट झालं, तर तेवढ्याच दुधासाठी निम्म्या गायी पुरतात आणि किलोमागचा आकडा खाली येतो. पण गोऱ्हे आणि भाकड गायीही निम्म्या होतात. मांसाची मागणी तेवढीच राहिली, तर ते दुसऱ्या कळपातून येतं आणि वाचलेल्या कार्बनचा काही भाग तिकडे खर्च होतो. फक्त दुधाचा आकडा पाहिला तर हे लक्षातच येत नाही.

महाराष्ट्रात हे सूत्र कसं लागू होईल?

महाराष्ट्रात गायींसोबत बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही २०१५ पासून बंदी आहे, म्हशींवर नाही. त्यामुळे गायीच्या गोठ्यात मांसाचा वाटा जवळपास शून्य येतो आणि सगळा भार दुधावर पडतो. पण आपल्याकडे बैल नांगर ओढतो, शेण शेतात खत म्हणून जातं. ही कामं हिशोबात धरली नाहीत, तर लहान शेतकऱ्याचं दूध आहे त्यापेक्षा जास्त प्रदूषण करणारं दिसतं.

फॅटचंही तसंच. तुलनेसाठी दूध आधी ४ टक्के फॅट आणि ३.३ टक्के प्रथिनांच्या मापात आणतात. ७ टक्के फॅट आणि ४ टक्के प्रथिनं असलेलं एक किलो म्हशीचं दूध या मापात सुमारे १.४ किलो भरतं.

आकडा शेअर करण्याआधी हे तपासा

• वाटणी कोणत्या पद्धतीने केली आहे?
• मांस, शेणखत, बैलांचं काम धरलं आहे का?
• आकडा साध्या दुधाचा आहे की फॅट-प्रथिनांच्या मापातल्या दुधाचा?
• हिशोब गोठ्यापर्यंतचा आहे की पिशवी घरी येईपर्यंतचा?

दोन ब्रँडच्या दुधाची या चार प्रश्नांची उत्तरं वेगळी असतील, तर त्यांच्या आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही.