बीडीएस करून अमिरातीत येताना



मंडळाच्या कार्यक्रमांत भेटणाऱ्या दंतवैद्य भगिनींकडून एक वाक्य आम्ही पुष्कळदा ऐकतो, "बीडीएस केलं हेच चुकलं." लग्नानंतर पतीच्या व्हिसावर दुबई-शारजाला आल्या आणि पदवी कपाटात राहिली. बहुतेक वेळा अडचण पदवीपेक्षा येण्याच्या वेळेची असते, असे आम्हाला वाटते. म्हणून ही माहिती एकत्र देत आहोत.

परवाना कोणाचा?

दुबईत दुबई हेल्थ ऑथॉरिटी, अबुधाबीत आरोग्य विभाग, तर शारजा, अजमान, उम्म अल क्वैन, रास अल खैमा आणि फुजैरा येथे केंद्रीय आरोग्य मंत्रालय परवाना देते. पात्रतेचे नियम २०१४ पासून समाईक आहेत. भारतातून येणाऱ्या जनरल डेंटिस्टकडे बीडीएस, इंटर्नशिप, त्यानंतरचा २ वर्षांचा अनुभव, कौन्सिलची नोंदणी आणि गुड स्टँडिंग सर्टिफिकेट लागते. डेटाफ्लो ही संस्था कागदपत्रे मूळ ठिकाणी पडताळते. शिवाय संगणकावरची परीक्षा असते.

गाडी कुठे अडते?

इंटर्नशिप अनुभवात धरत नाहीत. ती संपताच लग्न होऊन मुलगी इथे आली, की २ वर्षे भरायची राहतात. परवान्याशिवाय रुग्ण तपासता येत नाही, त्यामुळे तो अनुभव इथे मिळवणेही अवघड. जितकी वर्षे जातील तितका खंड वाढतो आणि मोठ्या खंडानंतर देखरेखीखालील प्रशिक्षण मागितले जाते.

परीक्षा पास झाली तरी हाती येते ते पात्रतेचे पत्र. क्लिनिकने नोकरी दिल्यावरच परवाना चालू होतो.

नोकरीचे वास्तव

भारतात ३०० हून अधिक दंत महाविद्यालये आहेत. तिथली गर्दी इकडे वळते आणि अरबी बोलणारे दंतवैद्यही स्पर्धेत असतात. दुबईत २०१३ च्या कायद्याने आरोग्य विमा सक्तीचा झाला, पण मूळ विमा योजनेत दातांचे नेहमीचे उपचार येत नाहीत. रुग्ण खिशातून पैसे देतो. त्यामुळे अनेक क्लिनिक मूळ पगार कमी ठेवून कामावर टक्केवारी देतात. ओळखीचे रुग्ण जमेपर्यंत मिळकत बेताचीच राहते.

आमच्या सूचना

१. लग्नाच्या बोलण्यांतच २ वर्षांच्या अनुभवाचा विषय काढावा. दोन्ही घरांनी समजून घेतले तर थोडा विरह पुढची अनेक वर्षे वाचवतो.

२. नोकरी सोडतानाच तारखांसह अनुभवपत्र घ्यावे. क्लिनिक बंद पडले तर पडताळणी अडते.

३. राज्य कौन्सिलची नोंदणी वेळेवर नूतनीकरण करावी.

४. इथे आला असाल आणि अनुभव अपुरा असेल, तर काही काळ भारतात जाऊन तो पूर्ण करण्याचा निर्णय लांबवू नये.

५. मेडिकल कोडिंग, विमा दावे ही चांगली कामे आहेत, पण ती दंतवैद्यकाचा अनुभव म्हणून मोजली जात नाहीत. हे जाणूनच ती स्वीकारावीत.

नियम बदलतात, म्हणून अर्जापूर्वी संबंधित खात्याचे संकेतस्थळ जरूर पाहावे. ज्यांनी हा टप्पा पार केला आहे, त्यांनी नव्याने येणाऱ्या भगिनींना मार्गदर्शन करावे, ही विनंती.