तळटीप : ‘शिरढोणचे फडके’

१७. शिरढोणचे फडके : वासुदेव बळवंत फडके (१८४५–१८८३) यांचे घराणे. गाव पनवेल तालुक्यात, कर्नाळा किल्ल्याच्या पायथ्याजवळ. आजोबा अनंतराव कर्नाळ्याचे किल्लेदार होते; १८१८ मध्ये ब्रिटिश सेनाधिकारी प्रॉथरच्या फौजेने किल्ला घेतला आणि घराण्याची किल्लेदारी संपली. नातू वासुदेव पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून झाले. फेब्रुवारी १८७९ मध्ये त्यांनी रामोशी साथीदारांसह धामारी गाव लुटून बंडाला तोंड फोडले. त्याच वर्षी १३ मेच्या रात्री पुण्यात बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाडा पेटले. संशय अर्थातच फडक्यांवर गेला, पण आग लावणारा रानडे नावाचा सरकारी पुस्तक-डेपोतील कारकून निघाला. म्हणून लेखकाने या पृष्ठावर दिलेला ‘फडक्यांनी पेशव्यांचे वाडे जाळले’ हा उल्लेख ग्राह्य धरू नये. जुलैमध्ये देवर नावदगी येथे (आज कर्नाटकात) फडके पकडले गेले. पुण्याच्या सत्र न्यायालयातील खटल्यात ‘सार्वजनिक काका’ गणेश वासुदेव जोशी यांनी त्यांची बाजू मांडली. जन्मठेप भोगत असताना १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात त्यांचा मृत्यू झाला. — संपा.