रोसिनान्तेतील एकटा प्रवासी

जॉन स्टाइनबेक २३ सप्टेंबर १९६० रोजी न्यू यॉर्क राज्यातील सॅग हार्बरच्या घरातून निघाला, तेव्हा तो ५८ वर्षांचा होता. आदल्या वर्षाच्या अखेरीस त्याची प्रकृती गंभीररीत्या बिघडली होती आणि त्याने एकट्याने जाऊ नये, असे पत्नी इलेनला वाटत होते. तरीही तो निघाला. जीएमसी कंपनीच्या ट्रकवर त्याने एक छोटे घर बसवून घेतले होते; त्यात पलंग, शेगडी, शीतकपाट असे सारे होते. डॉन किहोटेच्या घोड्यावरून त्याने या वाहनाला 'रोसिनान्ते' असे नाव दिले. सोबतीला चार्ली हा वयस्कर पूडल जातीचा कुत्रा होता. ज्या देशाविषयी आपण आयुष्यभर लिहीत आलो तो देश आपल्याला परका झाला आहे, ही त्याची तक्रार होती.

खऱ्याखुऱ्या परदेशात शिरण्याचा त्याचा प्रयत्न नायगाराजवळच फसला. चार्लीला रेबीजची लस टोचल्याचा दाखला जवळ नव्हता. परतताना तुमचेच लोक या कुत्र्याला आत घेणार नाहीत, असे कॅनडाच्या सौजन्यशील अधिकाऱ्याने सांगितले आणि स्वारी माघारी वळली. पुढील परकेपणा मग स्वदेशातच शोधावा लागला.

'ट्रॅव्हल्स विथ चार्ली' हे पुस्तक १९६२ च्या उन्हाळ्यात आले आणि त्याच वर्षी लेखकास नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे जवळजवळ अर्धशतक हे पुस्तक एकट्या माणसाचे प्रांजळ प्रवासवर्णन म्हणून वाचले गेले. २०१० साली बिल स्टायगरवाल्ड या पत्रकाराने तोच मार्ग पुन्हा तुडवला, पत्रे आणि हस्तलिखित तपासले, आणि चित्र पालटले. स्टाइनबेक फिरत्या घरात फार थोड्या रात्री झोपला होता. बहुतेक मुक्काम मोटेलांत, हॉटेलांत वा परिचितांकडे झाले होते. प्रवासातील बऱ्याच दिवसांत इलेन सोबत होती. पश्चिम किनाऱ्यावरील तिची सोबत पहिल्या खर्ड्यात आहे, छापील पुस्तकात नाही. नॉर्थ डकोटातील ॲलिस गावाजवळ भेटलेला, शेक्सपिअर गावोगाव नेणारा नट वाचकांच्या आवडीचा. पण त्या सुमारास, १२ ऑक्टोबर रोजी, स्टाइनबेकने पत्नीला लिहिलेले पत्र त्याच राज्याच्या पार पश्चिम टोकावरील बीच गावाहून आलेले आहे. म्हणजे ती रात्र, आणि बहुधा तो नटही, लेखणीतून उतरलेला. २०१२ च्या आवृत्तीत जे पॅरिनी यांच्या प्रस्तावनेने हे पुस्तक अक्षरशः खरे मानू नये, असा इशारा दिला.

आम्हांस यात धक्का बसण्यासारखे फारसे वाटले नाही. कादंबरीकाराने एका रात्रीत दोन रात्री मिसळल्या तर त्याला लगेच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावे काय? पण इलेनची गोष्ट वेगळी. एकटेपण हा या पुस्तकाचा तपशील नव्हे, तो त्याचा अधिकार आहे. 'मी एकटा होतो, म्हणून मला देश दिसला' हा त्याचा अध्याहृत दावा; तो उभा राहावा म्हणून एका स्त्रीला गाडीतून उतरवावे लागले.

याहून अस्वस्थ करणारी गोष्ट न्यू ऑर्लीन्सची. १४ नोव्हेंबर १९६० रोजी रूबी ब्रिजेस ही सहा वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी मार्शलांच्या पहाऱ्यात विल्यम फ्रान्ट्झ शाळेत शिरली. शाळेबाहेर रोज गोऱ्या बायकांचा जमाव शिव्या देत उभा राही. त्यांना 'चीअरलीडर्स' म्हणत. हे दृश्य पाहावयास स्टाइनबेक मुद्दाम गेला. मुलीचे नाव तो देत नाही, परंतु त्या बायकांचे शब्द ना वृत्तपत्रांनी छापले ना दूरचित्रवाणीने ऐकवले, असे तो संतापून नोंदवतो. खर्ड्यात त्याने ते शब्द जसेच्या तसे लिहिले होते. प्रकाशनापूर्वी ते वगळले गेले. म्हणजे ज्या कारणासाठी त्याने वृत्तपत्रांना धारेवर धरले, तेच त्याच्या पुस्तकाच्या वाट्याला आले. ॲलिसचा नट टिकला, आणि कानांनी ऐकलेले गेले.

मराठीच्या अभ्यासकाला येथे गोडसे भटजींची आठवण होणे अपरिहार्य आहे. १८५७ च्या धामधुमीतला तो प्रवास, अनेक वर्षांनी स्मरणातून लिहिलेला. १९०७ साली चिं. वि. वैद्यांनी फेरफार करून तो छापला आणि मूळ संहिता दत्तो वामन पोतदारांमुळे १९६६ साली हाती आली. तोवर दोन पिढ्यांनी वैद्यांच्याच पाठाला भटजींचा आवाज मानले. 'खरे की खोटे' असे विद्यार्थी विचारतात तेव्हा आधी कोणता पाठ हाती आहे, हे विचारावे लागते ते यासाठी.

स्टाइनबेकचा हस्तलिखित खर्डा मॅनहॅटनमधील मॉर्गन ग्रंथालयात आहे. रोसिनान्ते त्याच्या जन्मगावी, सलिनास येथील संग्रहालयात ठेवलेली आहे.