वारेनं धाडलेल्या चिठ्ठ्या

बाळंतपणात वार पडली की आपण सुटकेचा श्वास टाकतो आणि तिला विसरतो. पण गरोदरपणातल्या दुखण्यांचं मूळ शोधताना शास्त्रज्ञ तिच्याकडेच वळले. आज आपण तीच हकिकत ऐकू.

डीएनएची नक्कल आरएनए, आणि आरएनएवरून प्रथिनं, एवढं आपण शाळेत शिकलो. १९९३ साली अमेरिकेत व्हिक्टर अ‍ॅम्ब्रोस आणि गॅरी रव्हकुन यांना मिलिमीटरभर लांबीच्या कृमीत वेगळंच दिसलं. एक इवलासा आरएनए प्रथिन बनवतच नव्हता. दुसऱ्या आरएनएला चिकटून त्याचं काम रोखत होता. ही कृमीपुरतीच गोष्ट असेल, असं बऱ्याच जणांना वाटलं. २००० साली असाच दुसरा रेणू सापडला आणि तो माणसातही निघाला. या शोधाला २०२४ चं नोबेल मिळालं.

प्रीएक्लॅम्प्सिया म्हणजे गरोदरपणी रक्तदाब वाढण्याचा आजार. त्यात झटके येऊन आई-बाळ दोघांचाही जीव जाऊ शकतो. २००७ साली अशा स्त्रियांच्या वारेत काही सूक्ष्म आरएनए वाढलेले आढळले. त्यांतला ‘मिर-२१०’ प्राणवायू कमी पडला की वाढतो. म्हणजे वारेची घुसमट तो सांगत होता. २००८ साली हाँगकाँगमध्ये दिसलं, की वारेतले असे रेणू आईच्या रक्तात उतरतात आणि बाळंतपणानंतर नाहीसे होतात. या चिठ्ठ्या वेळेत वाचता आल्या, तर धोका आधीच कळेल, अशी आशा तेव्हापासून आहे.

पण निरनिराळ्या अभ्यासांचे निष्कर्ष अजून नीट जुळत नाहीत. त्यामुळे ही तपासणी आपल्या दवाखान्यात आलेली नाही. तोवर आपला भरवसा रक्तदाबाच्या पट्ट्यावर आणि लघवीच्या तपासणीवर. विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून जास्त भरला, डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, पोटात वरच्या बाजूला दुखलं, चेहरा-हात एकाएकी सुजले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. तिथे उपाय आहे. २००२ साली ३३ देशांतल्या दहा हजारांहून अधिक स्त्रियांवरच्या चाचणीत मॅग्नेशियम सल्फेटमुळे झटक्यांचा धोका निम्म्याहूनही खाली आला.

“दिवसांत असं होतंच,” म्हणून आपण सुनेला, लेकीला गप्प बसवतो. ते आधी थांबवू या. रक्तातली चिठ्ठी वाचणं शास्त्रज्ञांचं काम. तिच्या तोंडची तक्रार ऐकणं आपलं.