कष्टाची ख्रिस्ती मीमांसा : आत येण्यापूर्वी

पुरुषांसाठी भरणाऱ्या ख्रिस्ती मेळाव्यांत उद्योगशीलतेवर प्रवचन असले की पौलाच्या नावावरच्या पत्रांतली दोन वचने हटकून निघतात. ज्याला काम करायचे नाही त्याने खाऊही नये, हे एक. जे कराल ते माणसांसाठी नव्हे, प्रभूसाठी म्हणून जीव ओतून करा, हे दुसरे. दोन्ही वचने तरुणांच्या कानी घालण्याजोगी आहेत, यात वाद नाही. पण ज्याला या विषयाचा अभ्यास करायचा आहे त्याने आधी एक साधी चौकशी करावी: ही वाक्ये मुळात कुणाला उद्देशून होती?

पहिले थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातले. तिथल्या मंडळीत काहीजण हातावर हात ठेवून दुसऱ्यांच्या चुलीवर जगत होते. त्यांना ही तंबी आहे, आणि ती ‘ज्याला काम करायचे नाही’ अशा माणसाला आहे. ज्याला काम मिळत नाही किंवा झेपत नाही तो त्यात येत नाही. हा फरक पुढे किती सहज पुसला गेला पाहा. व्हर्जिनियातल्या जेम्सटाउनच्या उपाशी वसाहतीत कॅप्टन जॉन स्मिथने हा नियम लावला, आणि 1936 च्या सोव्हिएत राज्यघटनेच्या बाराव्या कलमात तो चक्क देवाला वगळून आला. पौल स्वतः मात्र करिंथला अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याकडे राहून तंबू बनवण्याच्या धंद्यावर पोट भरत होता. त्याच्या तोंडी ही तंबी शोभते ती त्यामुळे.

दुसऱ्या वचनाची गोष्ट जास्त अवघड आहे. कलस्सैकरांस पत्रात ते वाक्य दासांना सांगितलेले आहे. ज्यांच्या श्रमावर त्यांची स्वतःची मालकी नव्हती, त्यांना ‘तुमचा खरा धनी वेगळा आहे’ असे सांगणारे हे शब्द एका अंगाने दिलासा आहेत आणि दुसऱ्या अंगाने बेडी. बेडी कशी, ते फ्रेडरिक डग्लस यांच्या 1845 च्या आत्मकथनात दिसते. त्यांचा मालक मेथडिस्ट मेळाव्यात जाऊन भाविक झाला, आणि एका पंगू तरुण गुलाम स्त्रीला बांधून फटके मारताना धन्याची इच्छा माहीत असून न पाळणाऱ्या चाकराबद्दलचे शुभवर्तमानातले वचन म्हणू लागला. कष्टाच्या ख्रिस्ती गौरवाचा इतिहास लिहिणाऱ्याला हे पान गाळता येणार नाही. मी तर म्हणेन, इथूनच सुरुवात करावी.

तरीही गौरव खरा आहे, आणि तो ज्या जगात झाला ते जग हाताने काम करणाऱ्याला कमी लेखत होते. सुशिक्षित रोमन गृहस्थाच्या मते कारागिराच्या कारखान्यात कुलीन माणसाजोगे काहीच नसे. सिसेरोने तसे लिहूनच ठेवले आहे. दुसऱ्या शतकात सेल्ससने ख्रिस्ती लोकांची खिल्ली उडवताना येशूच्या सुतारकीवरही बोट ठेवले. यावर ओरिजेनने तिसऱ्या शतकात दिलेले उत्तर मला नेहमी गमतीचे वाटते. मंडळ्यांत वाचल्या जाणाऱ्या शुभवर्तमानांत येशूला स्वतःला सुतार म्हटलेले नाही, असे तो म्हणतो. मार्कच्या आज छापल्या जाणाऱ्या पाठात तर तो शब्द स्पष्ट आहे. ओरिजेनपुढे वेगळा पाठ होता की त्यालाही सुतारकी जराशी टोचत होती, यावर विद्वानांनी खूप शाई खर्च केली आहे. चर्चने कामगार संत योसेफचा सण 1 मे रोजी ठेवला तो 1955 साली. म्हणजे संकोच पुरता जायला वेळ लागला.

या क्षेत्रातले सर्वांत श्रीमंत दालन मात्र मठांचे आहे, आणि वाचकाने तिथे खुशाल रेंगाळावे. इजिप्तच्या वाळवंटातले संन्यासी ताडाच्या पानांच्या चटया आणि टोपल्या विणत. जॉन कॅसियनने पाचव्या शतकात अशा एका पौल नावाच्या वृद्धाची हकीकत नोंदवली आहे. तो वस्तीपासून इतका दूर राही की माल बाजारात न्यायचा खर्च विक्रीपेक्षा जास्त झाला असता. तरी तो रोज नेमाने काम करी. वर्षअखेर गुहा भरली की सगळे जाळून टाकी आणि पुन्हा पहिल्यापासून लागे. आजच्या व्यवस्थापनशास्त्राला हा शुद्ध वेडेपणा वाटेल. कॅसियनला मात्र त्यातून दाखवायचे होते की काम हे मनाचेही औषध आहे. भर दुपारी अंगात शिरणारी जी विरक्त मरगळ संन्याशाला खोलीबाहेर ओढते, तिच्यावरचा हा उतारा.

सहाव्या शतकात बेनेडिक्टने मोंते कासिनोच्या मठासाठी नियम लिहिले तेव्हा या वेडाला त्याने वेळापत्रक दिले. प्रार्थना, वाचन, अंगमेहनत, झोप, सगळ्याला ठरलेली वेळ. मठाच्या कोठाऱ्याने अवजारे वेदीवरच्या पात्रांइतक्याच आदराने सांभाळावीत, असे त्यात आहे. पण सत्तावन्नावे प्रकरण अवश्य वाचा. एखादा कारागीर आपल्या हातच्या कलेमुळे मठाचे भले होते म्हणून फुगू लागला, तर त्याला त्या कामावरून काढावे, आणि नम्र झाल्यावरच मठाधिपतीने परत घ्यावे! माल विकताना भाव बाहेरच्यांपेक्षा थोडा उतरता ठेवावा. कष्टाला इतका मान देऊन कष्टाळूपणाच्या अहंकाराला इतकी कमी जागा देणारे दुसरे पुस्तक मला माहीत नाही.

लूथरने हा मान मठाच्या भिंतीबाहेर आणला आणि चांभाराचे काम भिक्षूच्या कामाइतकेच ईश्वरी ठरवले, हे बहुतेकांना ठाऊक असते. भांडवलशाही वृत्तीचे मूळ प्रॉटेस्टंट श्रमनीतीत शोधणारा मॅक्स वेबरचा 1904-05 चा प्रबंधही परिचित आहे. वेबर जरूर वाचावा, पण त्यालाच प्रवेशद्वार समजू नये. प्युरिटन उपदेशकांबद्दल तो मार्मिक लिहितो. फ्लोरेन्स आणि व्हेनिसच्या सावकारांनी सुधारणापर्वाच्या कितीतरी आधी भांडवल कसे उभे केले, हा आक्षेप मात्र त्याच्या चाहत्यांना आजही पुरता परतवता आलेला नाही.

त्याऐवजी मत्तयाच्या शुभवर्तमानातली द्राक्षमळ्याच्या मजुरांची दृष्टान्तकथा घ्या. पहाटे लागलेल्याला आणि शेवटच्या तासाला नाक्यावरून उचललेल्याला मालक सारखीच मजुरी देतो, आणि दिवसभर उन्हात राबलेले चिडतात. कोणत्याही कष्टाळू पुरुषाला ही कथा खुपते, आणि ती खुपावी अशीच सांगितलेली आहे. जॉन रस्किनने 1860 साली आपल्या अर्थशास्त्रावरील निबंधांचे नाव याच कथेतून घेतले. ते पुस्तक गांधींनी 1904 मध्ये जोहान्सबर्ग ते डर्बन प्रवासात वाचले, काही महिन्यांत फिनिक्सची वसाहत उभी राहिली, आणि पुढे पुस्तकाचा गुजराती सारांश ‘सर्वोदय’ नावाने आला. सेवाग्राममध्ये व्रत म्हणून जे शरीरश्रम चालत, पवनारला विनोबा ज्या निष्ठेने कुदळ हाती धरत, त्याच्या पूर्वजांत गीतेच्या शेजारी हा मळाही आहे. मराठी वाचक या अभ्यासात परका नाही, असे मी म्हणतो ते यामुळे.

राहिला पुरुषांचा प्रश्न. या विषयावरची लोकप्रिय पुस्तके घरच्या कर्त्या पुरुषाला गृहीत धरून लिहिलेली असतात: तो कमावतो, तो राबतो, म्हणून तो पुरुष. अशा माणसाची नोकरी गेली, किंवा अंगात बळ उरले नाही, की या पुस्तकांकडे त्याला सांगण्यासारखे फारसे राहत नाही. बेनेडिक्टकडे आहे. आजारी आणि अशक्त भावांनाही झेपेल असे काम द्यावे, ते चिरडले जाऊ नयेत, हे त्याने रोजच्या श्रमाविषयीच्या प्रकरणात लिहिले आहे. आणि नीतिसूत्रांचा ग्रंथ, ज्यातून आळशी पुरुषाला सर्वाधिक टोमणे मिळतात, त्याचा शेवट उद्योगशीलतेच्या सर्वांत लांब वर्णनाने होतो. ते वर्णन एका स्त्रीचे आहे. ती शेत पारखून विकत घेते, द्राक्षमळा लावते, सूत कातते, व्यापार करते, रात्री तिचा दिवा मालवत नाही. तिचा नवरा त्या वेळी वेशीपाशी वडीलधाऱ्यांच्या पंक्तीत बसलेला आहे. त्याच्याविषयी टीकाकारांनी फार कमी लिहिले आहे. नव्या अभ्यासकाला तिथे भरपूर काम आहे.