शिक्षकांची परीक्षा आणि उत्तीर्णतेची रेषा

८८ या संख्येचे असे दोन भाग करा, की त्यांचे एकमेकांशी प्रमाण २/३ : ४/५ असेल.

हे उदाहरण मुलांसाठी नव्हते. १८७५ साली अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात प्राथमिक शिक्षक होऊ पाहणाऱ्यांना ते घातले होते. (प्रमाण ५ : ६ असे सोपे करून घेतले की उत्तर मिळते ४० आणि ४८.) परीक्षा वीस विषयांची आणि १००० गुणांची होती. अंकगणित, व्याकरण, भूगोल, शरीरशास्त्र, राज्यघटना, हस्ताक्षर, एवढेच काय, गायनसुद्धा! ‘अध्यापनाची तत्त्वे व पद्धती’ या विषयाला १००० पैकी गुण होते ५०. ली शुलमन या शिक्षणशास्त्रज्ञांनी १९८६ साली आपल्या एका गाजलेल्या लेखात या प्रश्नपत्रिकेची आठवण करून दिली, तेव्हा अनेकांना आश्चर्य वाटले. शिक्षकाला विषय आला की झाले, अशीच त्या काळची समजूत होती.

पुढे अध्यापक विद्यालये वाढली, त्यांचे प्रमाणपत्र पुरेसे मानले जाऊ लागले आणि अशा परीक्षा मागे पडल्या. त्या परत आल्या १९४० साली, नव्या रूपात. कोलंबिया विद्यापीठातले बेन वुड हे वस्तुनिष्ठ चाचण्यांचे मोठे पुरस्कर्ते. त्यांच्या पुढाकाराने ‘नॅशनल टीचर एक्झामिनेशन’ सुरू झाली. देशभर एकच प्रश्नपत्रिका, पर्याय दिलेले, उत्तरावर पेन्सिलीची खूण करायची. अशा परीक्षा मोठ्या प्रमाणावर घेणे शक्य झाले ते एका विज्ञानशिक्षकामुळे. मिशिगनमधल्या शाळेत शिकवणाऱ्या रेनॉल्ड जॉन्सन यांना सुचले, की पेन्सिलीतल्या ग्रॅफाइटमधून वीज वाहते. मग खुणांमधून जाणारा प्रवाह मोजला तर गुण मोजता येतील. त्यातून आयबीएम कंपनीचे ८०५ हे यंत्र १९३८ साली बाजारात आले. यंत्राला उमेदवाराचे नाव, गाव, रंग काहीच दिसत नाही. परीक्षा निःपक्षपाती असणार, असे वाटणे साहजिकच होते.

नेमके याच वेळी दक्षिणेकडच्या राज्यांत वेगळा झगडा चालू होता. तिथे गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा वेगळ्या होत्या, आणि शिक्षकांचे पगारही. व्हर्जिनियातल्या नॉरफोक शहरात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या अ‍ॅलिन ब्लॅक या शिक्षिकेने १९३९ मध्ये समान वेतनासाठी दावा लावला. तिची नोकरीच गेली. मग तिच्याच शाळेतले मेल्विन अ‍ॅल्स्टन पुढे आले. त्यांना वर्षाला ९२१ डॉलर मिळत. तीच पात्रता, तेवढाच अनुभव आणि तेच काम असलेल्या गोऱ्या पुरुष शिक्षकाला किमान १२०० डॉलर. त्यांच्या वकिलांमध्ये थर्गुड मार्शल होते, जे पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश झाले. १९४० साली अपील न्यायालयाने निकाल दिला, की वर्ण पाहून कमी पगार देणे राज्यघटनेच्या विरुद्ध आहे.

वर्ण पाहून पगार ठरवता येत नाही, पण परीक्षेचे गुण पाहून ठरवायला कोण अडवणार? हे दक्षिण कॅरोलिनाच्या राज्यकर्त्यांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. तिथेही कृष्णवर्णीय शिक्षक समान वेतनाचे खटले जिंकू लागले होते. १९४५ साली राज्याने ही राष्ट्रीय परीक्षा लागू केली. गुणांनुसार शिक्षकांना अ, ब, क, ड असे दाखले आणि दाखल्यानुसार पगार. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या शाळा-महाविद्यालयांना सरकारने पुरेसा पैसाच दिला नव्हता, त्यांचे गुण सरासरीने कमी येणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. वेगळ्या वेतनश्रेण्या कागदावरून गेल्या, पगारातली तफावत मात्र बरीचशी राहिली.

आता कोणी म्हणेल, हेतू वाईट असेल, पण प्रश्न तर बरोबर होते ना? ज्याला विषय येत नाही त्याने शिकवू नये, यात चूक काय? हा मुद्दा झटकून टाकण्यासारखा नाही, आणि न्यायालयापुढे अखेर तोच आला.

१९७६ साली दक्षिण कॅरोलिनाने किमान गुण नव्याने ठरवले. त्यासाठी राज्यातल्या २५ महाविद्यालयांमधल्या ४५६ प्राध्यापकांना प्रश्न दाखवण्यात आले. यातला मजकूर तुमच्याकडे शिकवला जातो का? जेमतेम पात्र असलेल्या शंभर उमेदवारांपैकी किती जणांना हे उत्तर येईल? अशा अंदाजांवरून रेषा ओढायची, ही रीत आजही अनेक ठिकाणी वापरात आहे. म्हणजे परीक्षा ताडून पाहिली ती महाविद्यालयातल्या अभ्यासक्रमाशी. वर्गात कोण चांगले शिकवतो याच्याशी नाही. न्यायालयाने तेवढे पुरेसे मानले आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. दोन न्यायाधीश असहमत होते. त्यांच्यापैकी न्यायमूर्ती व्हाइट यांनी नोंदवले, की या रेषेमुळे ८३ टक्के कृष्णवर्णीय उमेदवार बाद होतील आणि गोरे बाद होतील १७.५ टक्के.

रेषा ही वस्तूच चमत्कारिक आहे. पाणी १०० अंशांना उकळते तशी ती निसर्गात कुठे सापडत नाही. मॅसॅच्युसेट्स राज्यात एप्रिल १९९८ मध्ये नव्या शिक्षकांची पहिली परीक्षा झाली. सुमारे १८०० जण बसले. जूनमध्ये शिक्षण मंडळाने किमान गुण थोडे खाली आणायचे ठरवले, तेव्हा ४४ टक्के नापास ठरत होते. टीकेचा भडिमार झाला, आणि थोड्याच दिवसांत मंडळाने निर्णय फिरवला. नापास झाले ५९ टक्के. उत्तरपत्रिका त्याच होत्या. ‘भावी शिक्षकांपैकी निम्म्याहून अधिक नापास’ ही बातमी देशभर गाजली. या पहिल्या परीक्षेचे गुण धरले जाणार नाहीत, असे उमेदवारांना आधी सांगितले होते, ही गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात राहिली नाही.

आपल्याकडे शिक्षक पात्रता परीक्षेचे नियम २०१० साली आले आणि महाराष्ट्रात ती २०१३ मध्ये पहिल्यांदा झाली. सर्वसाधारण गटासाठी रेषा ६० टक्क्यांवर, म्हणजे १५० पैकी ९० वर. ८९ मिळवणारा आणि ९० मिळवणारा, यांच्यात शिक्षक म्हणून फरक किती? तशीच दुसरी प्रश्नपत्रिका आठवड्याने सोडवली तर दोघांचे क्रम उलटेही होतील. मापनातली त्रुटी हा धडा आपण विज्ञानाच्या तासाला शिकवतोच.

तरीही विषयज्ञान मोजूच नये, असे या इतिहासातून निघत नाही. लिपिंग मा यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या २३ आणि चीनमधल्या ७२ शिक्षकांना विचारले होते, की १ ३/४ ÷ १/२ हे सोडवा आणि त्यावर एक शाब्दिक उदाहरण तयार करा. चीनमधल्या सगळ्यांचे उत्तर बरोबर आले. अमेरिकेतल्या फक्त ९ जणांना ते पूर्णपणे जमले, आणि गणिताच्या दृष्टीने बरोबर असे शाब्दिक उदाहरण जेमतेम एकाला. बाकीच्यांपैकी अनेकांनी अर्ध्याने भागण्याऐवजी दोघांत वाटून दिले! मुलांना हे शिक्षक काय सांगत असतील?

म्हणजे प्रश्न येतो तो कोणते ज्ञान मोजायचे याचा. शुलमन यांचे म्हणणे हेच होते, की विषय येणे आणि तो शिकवण्यासाठी लागेल अशा रीतीने येणे, या दोन गोष्टी आहेत. हेदर हिल, ब्रायन रोवन आणि डेबोरा बॉल यांनी २००५ मध्ये दाखवले, की या दुसऱ्या प्रकारचे गणित ज्या शिक्षकांना जास्त येते, त्यांच्या पहिली आणि तिसरीतल्या मुलांची गणितातली प्रगती जास्त होते. त्यांच्या प्रश्नांचा एक नमुना असा. ३५ × २५ हा गुणाकार एका मुलाने २५, १५०, १०० आणि ६०० असे चार आकडे एकाखाली एक लिहून, बेरीज करून ८७५ असा काढला आहे. उत्तर बरोबर आहे. पण त्याची रीत कोणत्याही दोन पूर्ण संख्यांना चालेल का?